मोटारींतील शीतयंत्राची परीक्षा



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भाड्याची मोटार चालवितो. गेल्या उन्हाळ्यांत तो मजकडे आला तो अगदीं खिन्न होऊन. मोटारींतील हवा गार होईना, उतारू अर्ध्या वाटेंत कुरकुर करीत आणि दोन महिन्यांत त्यानें तीन वेळां ‘गॅस’ भरून घेतला होता. दर वेळीं आठ-पंधरा दिवस बरे जात, पुढें पुन्हां तीच कोमट हवा. पहिल्या वेळीं “गॅस भरून घे” असें सांगणारा मीच होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. लक्षण पाहून औषध दिलें. रोग पाहिला नाहीं. ती चूक कशी सुधारली, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम एक लहानसा प्रयोग करा. तळहातावर स्पिरिटचा एक थेंब टाका व त्यावर फुंकर घाला. हात गार लागतो. कारण द्रवाची वाफ होतांना तो हातांतील उष्णता घेऊन जातो. शीतयंत्र हेंच करतें. आजच्या पुष्कळ मोटारींत आर-१३४ए नांवाचा पदार्थ असतो. साध्या हवेच्या दाबांत तो शून्याखालीं २६ अंश सेंटिग्रेडवरच उकळतो. दर्शनी फळीमागील कूलिंग कॉइलमध्यें त्याची वाफ होते आणि आंतील हवा थंड पडते. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्यें ती आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हां द्रव होते. आणि एका अरुंद झडपेंतून दाब कमी होऊन तो द्रव पुन्हां कॉइलकडे जातो.

हें वर्तुळ बंद आहे, ही गोष्ट मनांत पक्की ठेवा. पेट्रोल जळून संपतें, तसा हा गॅस संपत नाहीं. रबरी नळ्यांतून कित्येक वर्षांत थोडासा झिरपतो, तेवढें सोडलें तर तो कमी झाला याचा अर्थ कोठें तरी छिद्र आहे.

आतां परीक्षा. वैद्य नाडी धरण्यापूर्वीं रोग्याकडे नीट पाहतो, तसें आधीं डोळ्यांनीं पाहावें. कॉम्प्रेसरचा पट्टा सैल आहे काय? शीतयंत्र सुरू करतांच त्याचा क्लच ‘टक्’ असा आवाज करून धरतो काय? कंडेन्सरवर चिखल व पाचोळा बसला आहे काय? त्याचा पंखा फिरतो काय? मोटारीखालीं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर भिऊं नये. तें हवेंतील बाष्पाचें पाणी होय. मग हवा येते त्या तोंडांत तापमापक ठेवावा. यंत्र निरोगी असेल तर कांहीं मिनिटांत पारा साधारणपणें ४ ते १० अंशांपर्यंत उतरतो. दमट हवेंत किंचित् अधिक राहतो.

यानंतर दाबमापकांची पाळी. निळा मापक कमी दाबाच्या बाजूस व तांबडा अधिक दाबाच्या बाजूस जोडतात. इंजिन बराच वेळ बंद असेल तर दोन्हीं कांटे सारखेच दाखवितात. ३० अंश उष्णतेंत दर चौरस इंचास सुमारें ९७ पौंड. पण येथें एक फसगत आहे. यंत्रांत द्रव थोडा असो वा पुष्कळ, तो शिल्लक आहे तोंपर्यंत हा आंकडा बदलत नाहीं. म्हणून दाबावरून गॅसचें माप ठरवूं नये. तें वजनानेंच ठरतें. किती वजन भरावें तें इंजिनावरील झांकणाच्या आंत चिठ्ठीवर बहुधा लिहिलेलें असतें.

यंत्र चालू असतां उन्हाळ्यांत निळा कांटा साधारण ३० ते ४० पौंड व तांबडा २०० ते २५० पौंड दाखवितो. कंपनीचा तक्ता वेगळें सांगत असेल तर तोच प्रमाण मानावा. यांत बिघाड असेल तर कांटे पुढीलप्रमाणें बोलतात :

१. दोन्हीं कमी : गॅस कमी आहे, गळती शोधावी.

२. दोन्हीं अधिक : कंडेन्सर उष्णता टाकीत नाहीं, अथवा गॅस जास्त भरला आहे. कंडेन्सरवर पाणी शिंपडावें. तांबडा कांटा झटकन् उतरून हवा गार येऊं लागली तर पंखा व जाळी तपासावी.

३. निळा अधिक, तांबडा कमी : कॉम्प्रेसर झिजला असावा.

४. निळा शून्याच्याही खालीं : वाट तुंबली आहे. थोडा वेळ गार, मग बंद, विश्रांतीनंतर पुन्हां गार, असें होत असेल तर आंत शिरलेलें पाणी झडपेंत गोठत आहे असें समजावें.

५. दोन्हीं बरोबर, तरी हवा कोमट : दोष गॅसमध्यें नाहीं, हीटरची झडप उघडी असेल किंवा हवेची गाळणी तुंबली असेल.

आमच्या विद्यार्थ्याच्या मोटारींत दोन्हीं कांटे कमी होते. म्हणून या वेळीं आम्हीं गॅस न भरतां एका जाणत्या कारागिराकडून गळती शोधविली. कॉम्प्रेसरचें तेल गॅसबरोबर फिरतें. गॅस उडून जातो, पण तेल छिद्रापाशीं राहतें व त्यावर धूळ बसते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांत, दगड लागला होता तेथें, असाच एक काळा ओशट डाग होता. उरलेला गॅस यंत्रानें काढून घेतल्यावर कारागिरानें आंत कोरडा नायट्रोजन भरला व डागावर साबणाचें पाणी लावलें. बारीक बुडबुडे उठले. तीन वेळांचा पैसा त्या बुडबुड्यांतून गेला होता!

कंडेन्सर बदलल्यावर अर्धा तास पंप लावून आंतील हवा व ओल काढली, पंप बंद करून कांटा परत चढत नाहीं हें पाहिलें, आणि मगच गॅस तोलून भरला. तेव्हांपासून त्याची मोटार गार आहे.

मुलांनो, हें काम स्वतः करूं नका. द्रव गॅस डोळ्यांत गेला तर इजा होते. कातडीवर पडला तर ती गोठते. नायट्रोजनऐवजीं ऑक्सिजन वापरल्यास तेलाशीं स्फोट होण्याचें भय असतें. विजेच्या मोटारींत तर कॉम्प्रेसरलाच जबर दाबाची वीज असते. आणि गॅस हवेंत सोडूं नये. जुना आर-१२ पृथ्वीवरील ओझोनचा थर विरळ करी, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानें तो बंद करण्याचें ठरलें. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं, पण शंभर वर्षांच्या हिशेबानें वजनास वजन तो कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता अडवून धरतो.

पालकांस एवढीच विनंति कीं, “गॅस संपला” असें कोणी म्हणाल्यास “गेला कोठून?” हा प्रश्न आधीं विचारावा. आणि विद्यार्थ्यांनीं हाच प्रश्न आपल्या चुकलेल्या गणितालाही विचारावा. उत्तर खोडून दुसरें लिहिणें म्हणजे गॅस भरणें. कोणती पायरी चुकली तें शोधणें म्हणजे गळती बंद करणें.