‘बंडखोर’ : अर्थ आणि व्यवहार

सशस्त्र प्रतिकार करणाऱ्यासाठी मराठीत ‘बंडखोर’ हा शब्द इतका रूढ आहे, की त्यातील प्रत्ययाकडे सहसा लक्ष जात नाही. ‘खोर’ हा फार्सी प्रत्यय. मूळ अर्थ ‘खाणारा’. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर, घुसखोर, दरोडेखोर ही त्याची मराठीतील भावंडे पाहिली, तर तो नुसता कर्ता दाखवीत नाही, दुर्गुणाची खोड लागलेला माणूस दाखवितो, हे ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकातील गद्यात भेटणारा ‘बंडवाला’ हा शब्द त्या मानाने तटस्थ आहे. ‘वाला’ने बंडाशी असलेला संबंध कळतो, ‘खोर’ने स्वभावावर ठपका येतो.

हा ठपका राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता. पुरंदर परिसरात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आणि १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांच्या संदर्भात ‘बंडखोर’ आणि ‘दरोडेखोर’ या दोन शब्दांमधील भिंत फारच पातळ होती. दोहोंचा प्रत्यय एकच असल्याने ती ओलांडणे भाषेला जड गेले नाही. ‘बंड’ हे नामही निरपेक्ष नव्हे. बंड ‘मोडले’ जाते. मोडणाऱ्याच्या बाजूने बोलणारी ही क्रियापदयोजना आहे. मात्र केवळ शब्दावरून लेखकाची निष्ठा ठरविणे उतावीळपणाचे होईल. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो १८५७ च्या ‘बंडाची हकीकत’ म्हणूनच. पण झाशीच्या राणीविषयीचा त्यातील आदर लपत नाही.

पुढे सावरकरांनी त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. इतिहासलेखनात ‘उठाव’ हा मधला शब्द स्थिरावला. घटनेचे नाव असे बदलले. माणसाचे मात्र बदलता आले नाही. ‘उठाव’ला सहज कर्तृवाचक रूप नाही. ‘उठावकर्ता’ कृत्रिम वाटतो. त्यामुळे शीर्षकात कटाक्षाने ‘उठाव’ लिहिणारा लेखकही दोन परिच्छेदांनंतर ‘बंडखोर शिपाई’ असे लिहून जातो.

ही उणीव काही अंशी ‘क्रांतिकारक’ने भरून काढली. ‘क्रांती’ ही मुळात ज्योतिषातील संज्ञा. ‘क्रांतिवृत्त’, ‘संक्रांत’ यांत ती अजून टिकून आहे. १८७९ मध्ये रामोश्यांना संघटित करून शस्त्र उचललेले वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मरण पावले. त्या काळात जे ‘फडक्यांचे बंड’ होते, त्याचा नायक विसाव्या शतकात ‘आद्य क्रांतिकारक’ झाला. उमाजी नाईकांनाही पुढे ‘आद्य क्रांतिवीर’ हे बिरुद मिळाले. येथे जुन्या शब्दाची शुद्धी झालेली नाही. तो बाजूला ठेवून दुसरा आणला गेला.

‘बंडखोर’ला प्रतिष्ठा लाभली ती शस्त्र गळून पडल्यावर. केशवसुतांना ‘बंडखोर कवी’ म्हणणारा समीक्षक गौरवच करीत असतो. कारण कवीच्या बाबतीत खोड हीच वृत्ती ठरते. राजकारणात हा शब्द उमेदवारी नाकारलेल्यांपर्यंत उतरला, आणि अर्ज मागे घेताच ‘बंडोबांचे थंडोबा’ करणारी वृत्तपत्री कोटीही त्यावर रचली गेली. तरी प्रत्ययाची बोच पुरती गेलेली नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडलेल्या एकनाथ शिंदे यांच्या गटातील नेत्यांनी आपल्या कृतीला ‘बंड’ न म्हणता ‘उठाव’ म्हणावे, असा आग्रह धरला. बातम्यांतून त्यांचा उल्लेख ‘बंडखोर आमदार’ असाच होत राहिला.