पडदा काळा, पण लॅपटॉप जिवंत?

काळ्या पडद्याचा लॅपटॉप काउंटरवर ठेवला की ‘बोर्ड गेलाय’ हे शब्द कानावर यायला वेळ लागत नाही. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा गेलेला असतो नुसता पडदा, नाहीतर त्याची केबल, नाहीतर विंडोजच कुठेतरी अडकलेलं असतं. यंत्र जिवंत आहे का, याचा अंदाज घरी दहा मिनिटांत येतो. तो घेतल्याशिवाय लॅपटॉप पिशवीत भरू नये.

काय करावे

• आधी कान लावा. पंखा फिरतोय का? कॅप्स लॉकचा दिवा बटणासरशी लागतो-विझतो का? मग नाडी चालू आहे. काहीच हालचाल नसेल तर चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावून पाहा. हसू नका, एक्स्टेंशन बोर्डाच्या बंद बटणाने भल्याभल्यांना दुकानापर्यंत पळवलंय.

• ब्राइटनेसचं बटण दाबा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बहुधा बारीकशी बीपही ऐकू येते. प्रोजेक्टरची केबल अजून लटकत असेल तर ती काढा; चित्र तिकडे जात असेल.

• खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. ही माझी सर्वांत आवडती चाचणी, कारण तिला छदामही लागत नाही. चिन्हं भुतासारखी पुसट दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलाय.

• एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडा. चित्र आलं की अर्धी काळजी मिटली: बोर्ड, रॅम, डिस्क काम करताहेत, दोष बहुतेक पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये. झाकण हळूच मागेपुढे करा. पडदा मध्येच उजळून पुन्हा गेला, तर संशय केबलवर. केबल पडद्यापेक्षा बरीच स्वस्त असते, म्हणून हे निरीक्षण दुकानात शिरताच सांगा. आणि टीव्हीवर दिसतंय तोवर फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. उद्यावर टाकू नका.

• चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर साठून राहिलेली वीज निघून जाते. मग चार्जर लावून सुरू करा. इतकं साधं, आणि तरी कितीतरी लॅपटॉप एवढ्यावरच उठून बसतात.

• सुरू करताना बीप किती वाजतात, दिवा किती वेळा लुकलुकतो, ते मोजा. मोबाइलवर व्हिडिओच घ्या. कंपन्या दोष अशाच खुणांनी सांगतात, आणि त्यांचा अर्थ बहुधा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत सापडतो.

• स्क्रू-ड्रायव्हरची सवय असेल आणि रॅम सुटी होत असेल तरच: वीज तोडून रॅम काढा, पुन्हा घट्ट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा.

काय टाळावे

• रॅम बदलल्यावर किंवा बायोस अपडेट चालू असताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका. अपडेट अर्धवट तुटलं तर मात्र बोर्ड खरोखरच जाऊ शकतो.

• ‘फॉरमॅट मारून बघू’ याला मान डोलवू नका. पडदा, केबल, रॅम यांतला एकही दोष फॉरमॅटने जात नाही. जातो तो तुमचा डेटा. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बहुधा असते. बोर्ड बदलला की ती मागितली जाते.

• चालू लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवू नका. झाकण मिटलं की नाही हे बऱ्याच मॉडेलमध्ये चुंबकावरून ओळखलं जातं, आणि खालच्याचं चुंबक वरच्याला झोपवतं. मनगटातलं चुंबकाचं कडंही हीच करामत करतं.

• चहा सांडला असेल तर ‘चालू होतोय का’ हे पाहूच नका. चार्जर काढा, यंत्र बंद ठेवा आणि उघडून साफ करून घ्या. तांदळाचा डबा नको, हेअर ड्रायरही नको.

• टचपॅड वर उचललं गेलंय, झाकण नीट मिटत नाही? बॅटरी फुगली आहे. तिच्यावर दाब देऊ नका, टोचू नका, चार्ज करू नका. बाकी चाचण्या राहू द्या.

• पासवर्डची चिठ्ठी झाकणावर चिकटवून देऊ नका. पडदा बदलायला पासवर्ड लागत नाही. लॉगिनचं पान दिसलं की कारागिराचं काम झालं.