मोर्णा नदी आणि शहरातली पोरं

आपल्या वऱ्हाडात ऊन कसे तापते, हे तुम्हाला सांगायला नको. अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात भट्टी पेटल्यासारखे होते. ऊन पूर्वीही होते. पण आता सारी पृथ्वीच तापत चालली आहे.

असे का होते? आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळतो. त्यातून कार्बन डायऑक्साईड नावाचा वायू हवेत जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण गोधडी जशी अंगाची ऊब धरून ठेवते, तसा तो पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे ऊन वाढते. पाऊसही लहरी होतो. कधी मोठा खंड पडतो, कधी एका रात्रीत आभाळ कोसळते.

पारावर एकदा आम्ही हे सांगत होतो. एक शेतकरी म्हणाले, "गुरुजी, मोटारी शहरात, सिमेंट शहरात. आपल्याले त्याचं काय?"

आम्ही त्यांना मोर्णेची गोष्ट सांगितली.

मोर्णा नदी दक्षिणेच्या डोंगरातून येते, अकोला शहरातून वाहते आणि पुढे पूर्णेला मिळते. शहराचे सांडपाणी नदीत गेले, की ते खालच्या गावांकडेच जाते. पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. तेथे विहिरीला पाणी लागले, तरी ते बहुधा खारट. अशा ठिकाणी नदी नासली तर माणसाने जावे कोठे?

शहरात मोर्णा जलकुंभीने भरून गेली होती. मग १३ जानेवारी २०१८ रोजी, शनिवारी, लोक नदीत उतरले. चार किलोमीटरच्या भागात चौदा ठिकाणी दोन्ही काठ साफ झाले. सहा हजारांहून अधिक माणसे आली. त्यांत कॉलेजची पोरं-पोरी होती, म्हातारी माणसे होती, आयाबाया होत्या. पुढे दर शनिवारी काम करायचे ठरले.

याचा हवामानाशी काय संबंध? जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका रात्रीत फार मोठा पाऊस झाला. घराघरांत पाणी शिरले. नदी-नाले तुंबलेले असले, की असे पाणी लवकर उतरत नाही. सखल भागातल्या गरिबाचे घर आधी बुडते.

पण जलकुंभी एकदा काढून भागत नाही. सांडपाणी तिचे खत आहे. ते येत राहिले, तर ती पुन्हा वाढते.

आमचीही एक चूक कबूल करतो. शाळेत असताना आम्ही दर पावसाळ्यात मुलांकडून झाडे लावून घेत असू. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी घालायला कोणी नसे. रोप वाळे. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप! पोरांचा दोष नव्हता. आम्ही त्यांना एका दिवसाचे काम दिले, जबाबदारी दिली नाही.

तरुणांना जबाबदारी दिली, तर ती पुष्कळ करतील. एकाने एकच झाड तीन उन्हाळे जगवावे. गल्लीतल्या गरिबाच्या छताला पांढरा चुना द्यावा, म्हणजे घर कमी तापते. अहमदाबाद शहराने २०१३ साली उन्हापासून बचावाची योजना आखली. तेथे पुढे अशी छते पांढरी करण्यात आली. जवळच जायचे तर सायकल काढावी. नाल्यात कचरा टाकू नये, टाकू देऊ नये.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गावात आले, की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तन करीत. आधी काम, मग बोलणे.

तुमची मुले अकोल्या-अमरावतीला शिकत असतील, कामाला असतील. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्यांना आजच दोन ओळी लिहा : "बाळा, तुमच्या शहराचं पाणी आमच्या गावाकडं येते. ते साफ ठेवा."

विचार करा :
१. पृथ्वी का तापत आहे?
२. जलकुंभी पुन्हा का वाढते?
३. तुमच्या गावाच्या नाल्यात काय काय जाते?