संगणक हळू चालतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा



समजा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची उद्या शेवटची तारीख आहे. शाळेच्या संगणकावर तुम्ही नाव टाइप करता आणि अक्षर उमटायलाच पाच सेकंद लागतात. लगेच सल्ला येतो, "सर, फॉरमॅट मारा!" जरा थांबा. बॅकअप नसेल तर फॉरमॅटमध्ये निकालपत्रकांच्या फाइलीही जातील. अनेकदा दोष एखाद्या बॅकग्राउंड प्रोसेसचा असतो, आणि ती शोधायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

बॅकग्राउंड प्रोसेस म्हणजे काय?

पडद्यावर न दिसता आत सुरू असलेलं काम. आपला अमरावती-अकोला महामार्ग आठवा. जून २०२२ मध्ये तिथे लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाली आणि गिनीज विक्रम झाला. कुठल्याही रस्त्याचं काम सुरू असलं की आपली गाडी ठणठणीत असूनही हळू चालवावी लागते. संगणकाचंही तसंच आहे. आतलं काम बहुधा गरजेचंच असतं, फक्त वेळ अडचणीची असते.

आता कृती करू (विंडोज १० किंवा ११)

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटी दिसली तर 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा.

२. 'प्रोसेसेस'मध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे रकाने पाहा. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वात जास्त वापर करणारी प्रोसेस वर येते.

३. दोन मिनिटं नुसतं निरीक्षण करा. आकडा क्षणभर वाढून उतरला तर चिंता नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकात सीपीयू जवळपास रिकामा आणि डिस्क मात्र १०० टक्के, असं दिसू शकतं. म्हणजे अडचण डिस्कपाशी आहे.

वर कोण आहे, ते ओळखा

• अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल: हे विंडोजचं अँटीव्हायरस. स्कॅन चालू असेल तर संपू द्या. शाळेत पेनड्राइव्ह या संगणकातून त्या संगणकात फिरतात, म्हणून ते कायमचं बंद करू नका.

• सर्व्हिस होस्ट: शेजारचा बाण दाबला की आतली सेवा दिसते. 'विंडोज अपडेट' असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट आठवडाभर थांबवा, पण अर्ज भरून झाले की आठवणीने करून घ्या. 'सिसमेन' असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन ती थांबवून पाहा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती आपोआप चालू होते, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही.

• अनोळखी नाव: त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. फाइल 'टेम्प' फोल्डरमध्ये निघाली तर शंका घ्या. इंटरनेट काढा आणि पूर्ण स्कॅन करा.

'एंड टास्क' फक्त आपण उघडलेल्या प्रोग्रामवरच वापरा, तेही काम सेव्ह करून. विंडोजची एखादी महत्त्वाची प्रोसेस बंद केली तर संगणकच बंद पडू शकतो.

शेवटी 'स्टार्टअप'मध्ये जा. संगणकासोबत उगीच सुरू होणारे प्रोग्राम 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्राम डिलीट होत नाही, फक्त आपोआप सुरू होणं थांबतं.

काहीच सापडलं नाही तर?

मग हात लावून पाहा, सीपीयू बॉक्स तापलाय का? आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. संगणक बंद करून, प्लग काढून पंख्यावरची धूळ साफ करा.

घरचा अभ्यास: सीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आकडे उपायाआधी आणि उपायानंतर वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे नेमकं कशाने काम झालं ते कळेल. आणि पुढच्या वेळी कुणी "फॉरमॅट मारा" म्हणालं, तर आधी ही वही दाखवा!