आधी टंच, तोही डोळ्यांनी

बाळ, हुपरीत कुणी चांदीची लगड पुढ्यात ठेवली तर टंच काढल्याशिवाय तिचा भाव कुणी बोलत नाही. बांधावर ससा दिसला तरी तसंच कर. आधी टंच, आणि तो डोळ्यांनी काढायचा. हात खिशात.

आपल्या शिवारातला ससा म्हणजे मानेवर काळा डाग असलेला रानससा. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा वेगळ्या जातीचा. तो बीळ करतो, हा करत नाही. पाचटात नाहीतर गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर दबून बसतो. तू चार पावलांवर गेलास तरी हलणार नाही, कारण गप्प बसणं हेच त्याचं लपणं. पोरं ओरडत येतात, "आबा, ससा आजारी हाय, पळतच न्हाई!" आजारी नसतोय रे. तुम्हीच लांब सरका. कुत्रं बांधा, झाडाच्या सावलीला बसा आणि अर्धा तास बघा. कान फिरतात का, कूस बदलतो का? पुष्कळदा काम इथंच संपतं, ससाही जातो आणि तुमची काळजीही.

आजारी ओळखायचा तो असा. भर उन्हात उघड्यावर कुबड काढून बसलाय, मान एकीकडं कलंडलीय, नाकाडोळ्यांतनं घाण वाहतीय, मागचा पाय ओढतोय. आणि सगळ्यात आधी माश्या बघ. अंगावर माश्या बसूनही तो झटकत नसेल, तर ते काम उद्यावर ढकलू नकोस. माशी जखमेत अंडी घालते आणि एका दिवसात आळ्या पडतात. कुत्र्यानं धरलेल्या सशाचंही तेच. वरून दाताची टिकली दिसते, आत सगळं फाटलेलं असतं.

पिल्लाचा हिशोब निराळा. ऊसतोड सुरू झाली की फड कडेनं पडत जातो आणि शेवटच्या दोन सऱ्यांत पिल्लू एकटं सापडतं. केस आलेले, डोळे उघडे, आई कुठं दिसत नाही. सशाची पिल्लं जन्मतःच तशी असतात आणि आई मुद्दामच लांब राहते. अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. म्हणून मुकादमाला सांगून तेवढा तुकडा संध्याकाळपर्यंत राखायला लाव. तेही जमणार नसेल तर हातात पाला घेऊन पिल्लू जवळच्याच बांधाच्या आडोशाला ठेव. माणसाचा वास लागला की आई टाकते, ही ऐकीव गोष्ट. घरी आणणं मात्र खरंच वाईट.

हे मी चुकून शिकलो. पंचविशीत असताना खोडव्यात सापडलेलं एक पिल्लू मी धोतराच्या सोग्यात घालून आणलं. वाटीत गाईचं दूध, कापसाचा बोळा, सगळं घर भोवती. सकाळी ते ताठ झालं होतं. गाईचं दूध त्याला पचत नाही, आणि तोंडात ओतलेलं दूध-पाणी छातीत जातं. शिवाय ससा भीतीनंच निम्मा मरतो. तुमच्या आजीनं तेव्हा मला जे ऐकवलं, ते इथं सांगत नाही.

उचलावाच लागला तर वरून पोतं किंवा जाड टॉवेल टाक, मागचे पाय खालून धर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव. खोक्याला भोकं पाड. कान धरून उचलायचं नाही; लाथ झाडताना त्याचा कणाच मोडतो. खोकं अंधारात, गारव्यात, गप्प जागी ठेव. खायला-प्यायला काही नको, फोटोही नकोत. घरात पाळलेले ससे असतील तर त्यांच्यापासून लांब ठेव.

लगेच वनखात्याला फोन लाव, 1926. रानससा 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो. धरणं, पाळणं, मारणं हा गुन्हा. आजारी सशाची हंडी चढवू म्हणणारा एक तरी शहाणा प्रत्येक फडावर असतो. त्याला कायदा नको सांगूस, एवढंच विचार, "ह्यानं कुठलं औषध खाल्लंय, तुला ठावं हाय का?" एकाच शिवारात दोन-तीन ससे मेलेले दिसले तर मीही आधी विषाचाच संशय घेतो. त्यांना सोलायचं नाही, विहिरीत किंवा कॅनॉलात फेकायचं नाही. वनखात्याला आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं.

नख किंवा दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धू, हळद-तंबाखू काही चोपडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखव. गोचिडी अंगावर चढल्यात का तेही बघ; मरायला टेकलेल्या जनावरावरून त्या उतरतात.

आणि 1926 हा नंबर मोटरखोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेव. मोबाईल नेमका त्या दिवशी घरी राहतो.