चार मिनिटांनी थांबणारा पाठ

संगणकजालावर एकाने एकालाच माहिती पाठविणे हे पत्रासारखे. सर्वांना पाठविणे दवंडीसारखे. तिसरा प्रकार ‘मल्टिकास्ट’, म्हणजे बहुप्रेषण. पणजीहून वृत्तपत्राचा एकच गठ्ठा म्हापशास यावा, तेथे पेडणे व डिचोली अशा दोन वाटा फुटाव्यात आणि अंक केवळ वर्गणीदारांच्या दारी पडावा, तसे हे आहे. याकरिता २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते राखून ठेवलेले आहेत. वर्गणी नोंदविण्याचे नियम स्टीव्ह डिअरिंग यांच्या १९८९ च्या टिपणात आहेत.

डिचोली तालुक्यातील एका शाळेत शिक्षकांच्या संगणकावरील पाठ लिनक्सवर चालणाऱ्या वीस संगणकांवर एकाच वेळी दाखविला जाई. सुमारे चार मिनिटांनी सर्व पडदे एकदम गोठत. तासिका वाया जाई आणि दोष केबलवर येई. ती दोनदा बदललीही. वास्तविक केबल ठीक असल्याचे ‘पिंग’ सांगत होते. पण पिंगला वाट कळते, वर्गणी कळत नाही.

अशा वेळी प्रथम ग्राहक संगणकावर ‘आयपी एम-ॲडर शो’ ही आज्ञा द्यावी. गटाचा पत्ता कोणत्या कार्डावर नोंदला आहे, ते दिसते. तारेचे व बिनतारी अशी दोन कार्डे असल्यास नोंद भलत्याच कार्डावर गेलेली पुष्कळदा आढळते. नोंद योग्य असल्यास ‘टीसीपीडंप’ने माहिती कार्डापर्यंत येते का, ते पाहावे. येत असूनही पाठ दिसत नसेल, तर फायरवॉल तपासावी; तसेच ‘आरपी-फिल्टर’ही. प्रेषकाकडे परतीची वाट त्याच कार्डावरून नसेल, तर कडक आरपी-फिल्टर माहिती निमूटपणे टाकून देतो. प्रेषक दुसऱ्या जालात असेल, तर त्याच्या माहितीची आयुर्मर्यादा, ‘टीटीएल’, पाहावी. ती मुळात १ असते. त्यामुळे माहिती सीमा ओलांडत नाही.

या शाळेत नोंद बरोबर होती, पण टीसीपीडंपमध्ये प्रवाहच चार मिनिटांनी तुटत होता. दोष स्विचमध्ये होता. स्विच वर्गणीदारांची यादी ठेवतो आणि सुमारे २६० सेकंदांत नूतनीकरण न झाल्यास नाव काढून टाकतो. ‘वर्गणी चालू ठेवायची का?’ असे दर १२५ सेकंदांनी विचारणारा ‘क्वेरियर’ जालात असावा लागतो. हे काम बहुधा राउटर करतो. येथे तसा राउटर नव्हता. स्विचमधीलच क्वेरियर सुरू केला आणि पाठ घंटा होईपर्यंत चालला.