पोलिसांची चाहूल घेणारी यंत्रे

विज्ञानाने दिलेली साधने सज्जन-दुर्जन असा भेद करीत नाहीत. रेडिओ, मोटारीतील उपकरणे, मोबाईल फोन ही साधने नागरिकांच्या सोयीची आहेत. पोलिसांच्या गुप्त पाळतीची चाहूल घेण्यासाठी किंवा ती चुकविण्यासाठी गुन्हेगारही त्यांचा वापर करतात. मात्र चाहूल देणारे यंत्र बाळगणाऱ्याचाही माग ठेवते, असा देशोदेशींचा अनुभव आहे.

लहरींचा दुहेरी खेळ

वेषांतर केलेल्या पोलिसाच्या अंगावरील छोटा प्रक्षेपक संभाषण रेडिओलहरींद्वारे दूरवरच्या सहकाऱ्यांना ऐकवितो. या लहरी चहूकडे पसरत असल्याने दुसरा ग्राहकही त्या टिपू शकतो. पोलिसांचे बिनतारी संदेशही स्कॅनर रेडिओवर ऐकून गुन्हेगार सावध होत. त्यामुळेच ब्रिटनमधील पोलीस दलांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी सांकेतिक डिजिटल संदेशयंत्रणा स्वीकारली.

वाहनाचा वेग मोजणाऱ्या रडारची आगाऊ सूचना देणाऱ्या उपकरणाची कथा अधिक बोधप्रद आहे. त्याच्या अंतर्भागात निर्माण होणाऱ्या क्षीण लहरी बाहेर झिरपतात आणि त्या टिपणारे यंत्र पोलिसांनी हाती घेतले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अशी उपकरणे वाहनात वापरण्यास बंदी आहे.

विश्वासाचा फोनच साक्षीदार

पोलिसांना संदेश वाचता येऊ नयेत म्हणून गुन्हेगारी टोळ्यांनी ‘ॲनॉम’ नावाचे फोन घेतले. त्या फोनमध्ये वरकरणी गणकयंत्र दिसणाऱ्या ॲपमागे गुप्त संदेशव्यवस्था होती. परंतु ती अमेरिकेची एफबीआय ही संस्थाच चालवीत होती. १०० हून अधिक देशांतील सुमारे १२,००० फोनवरील २ कोटी ७० लाख संदेश तपासयंत्रणांच्या हाती आले आणि जून २०२१ मध्ये ८०० हून अधिक जणांना अटक झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पुरावा केवळ यंत्राचा नव्हे

महाराष्ट्रातील लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांमधून हेच तत्त्व दिसते. ध्वनिमुद्रण हा पुराव्याचा एक भाग असतो. त्याच्या जोडीला पंचांची साक्ष असते आणि नोटांना लावलेली फिनॉल्फथॅलीनची भुकटी असते. ती भुकटी लागलेले हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविताच द्रावण गुलाबी होते. तथापि केवळ नोटा सापडणे पुरेसे नाही; लाचेची मागणी व स्वीकार सिद्ध व्हावा लागतो. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला.

म्हणून पंच म्हणून बोलाविलेल्या कर्मचाऱ्याने पाहिले-ऐकले तेवढेच निर्भयपणे सांगणे महत्त्वाचे ठरते. लाचेची मागणी झाल्यास १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते, ही माहिती ग्रामसभेत आणि शाळेतही पोहोचली पाहिजे. यंत्रावर मात करणारे यंत्र उद्याही निघेल. प्रामाणिक साक्षीचे महत्त्व मात्र त्याने कमी होणार नाही.